‘अवे’ म्हणजे काय

गणपती गेले की आमच्या आगाशीच्या चिखलाला फुटबॉलचा वास येतो. हे वाक्य आमच्या ह्यांचं. लग्नाच्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदर तोंडाशी धरून हसले होते. चिखलाला चिखलाचा वास येतो, एवढंच माझं घाटावरचं ज्ञान. आता ऐंशीला टेकल्यावर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून नाक वर करते, तर खरंच येतो. निसवलेल्या भाताचा दुधाळ वास, कापून टाकलेल्या केळीच्या खांबांचा आंबूस-गोड वास, तळ्यात विरघळणाऱ्या मूर्तींच्या मातीचा वास, आणि सगळ्यांच्या तळाशी कुठेतरी ओलं चामडं. चामड्याचा चेंडू आता कोणी वापरत नाही, असं माझी नात जुई सांगते. “आजी, तो वास तुझ्या डोक्यात आहे.” असेल बाई. आमच्या घरात सध्या जे काय चाललंय ते डोक्यातच चाललंय.

हे म्हणजे दामोदर, गावाचा दामू. मुंबईच्या गोदीत वर्कशॉपमध्ये फिटर होते, पण ते पोटासाठी. कोणी विचारलं काय करता, तर सांगायचे, “डिफेंडर.” निवृत्त झाल्यावरही तेच. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, काय करायचात? ह्यांनी छाती काढून सांगितलं, “डिफेंडर.” डॉक्टर बिचारे त्यांना शेवटपर्यंत वकीलसाहेब म्हणत राहिले.

तो डिफेंडर अजून शिल्लक आहे. बाकीचं एकेक गळत गेलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग ओळखीचे रस्ते गेले, मग आमच्या सतीशचं लग्न गेलं. मुलाचं लग्न, आणि तेही असं, की व्याह्यांच्या रुसव्याने गाजलेलं! ते विसरणं म्हणजे कमालच. मग आंघोळ कशासाठी करतात ते गेलं. आणि ह्या आषाढात मी गेले. म्हणजे आहे, इथेच आहे, पोळ्या लाटते आहे. पण त्यांच्या हिशेबी गेले.

सकाळी उठले की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. गुडघे किंचित वाकलेले, हात अंगापासून थोडे सुटे, नजर माझ्या कमरेवर. समोरच्याचे डोळे फसवतात, पाय फसवतात, कंबर फसवत नाही, ही त्यांची जुनी शिकवण. ह्या वयात कमरेकडे एवढं निरखून बघणारा नवरा किती जणींना मिळतो, सांगा. ते दार म्हणजे गोल आणि मी म्हणजे समोरच्या संघाची फॉरवर्ड. हातात वरणाचं पातेलं घेऊन मी डावीकडे झुकते, ते डावीकडे झुकतात. मी उजवीकडे, ते उजवीकडे. “अवेऽ!” ओरडतात. “अवेऽ!” कधी मी हुलकावणी देऊन आत शिरते आणि ओट्याशी उभी राहून स्वतःशीच म्हणते, गोल. मग पाठमोरीच रडून घेते, कारण फोडणीचा धूर हे चांगलं निमित्त असतं.

ऋषिपंचमीला त्यांनी मला खांदा दिला. फुटबॉलमध्ये खांद्याने खांद्याला रेटलं तर ते नियमात बसतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या वयाला खांदा देतात तो वेगळा, एवढंच. मी फ्रिजवर आपटले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? म्हटलं, “टॅकल झाला. फाउल नव्हता.”

डॉक्टर हसले. सतीश हसला नाही. तो ठाण्याहून धावत आला होता. दवाखान्याबाहेरच्या भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला आणि मग मला म्हणाला, “आई, बस झालं. हायवेच्या पलीकडे एक केंद्र आहे, अशाच माणसांसाठी. मी बघून आलोय. स्वच्छ आहे, मागे झाडं आहेत. येत्या रविवारी बाबांना नेऊ.”

“ते घर सोडून राहतील का रे?”

“घर कुठलं ते त्यांना कळतंय का? तुलाही ओळखत नाहीत ते. दिवसभर अवे, अवे. म्हणजे काय? दूर हो. हाकलतात तुला.”

“हाक मारतात.”

“आई, इंग्रजी शब्द आहे तो.”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे मला तो शब्द. शिकवू नकोस.”

तो औषधांची चिठ्ठी घेऊन गाडीकडे निघाला. पण हाक आणि हाकलणं ह्यांत एका अक्षराचं अंतर उरलंय आणि त्या अक्षरावर आमचा संसार अडकलाय, हे तेव्हा मला कळलं. ते हाक मारत असतील तर त्यांना पाठवणारी मी कोण? आणि हाकलत असतील तर इथे राहणारी तरी मी कोण?

हा शब्द आमच्याकडे आणला एका स्कॉटिश माणसाने. मॅकसाहेब. पुरं नाव लांबलचक होतं, गोदीत कोणाला ते पेललं नाही. ह्यांनी त्याची कहाणी मला इतक्यांदा सांगितलीय की ती आता त्यांच्या डोक्यातून निघून माझ्या डोक्यात राहायला आलीय, भाडं न देता.

कोळशाच्या खाणींच्या गावचा तो. बाप खाणीत, भाऊ खाणीत, हाही मिसरूड फुटायच्या आत खाणीत. खाणीमागे एक उतरतं मैदान होतं. तिथे हा गोलच्या तोंडाशी उभा राहायचा आणि हलायचा नाही. तिथून एका क्लबने त्याला उचललं. मोठा क्लब नव्हे, पण शनिवारी खाणीतली माणसं काळी तोंडं न धुता पत्र्याखाली येऊन उभी राहायची, ह्याचा खेळ बघायला. पाऊस तिकडचा बारमाही. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन वरवंट्यासारखा जड व्हायचा, आणि त्याला बुटासारखी नाडी. तसला चेंडू आभाळातून आला की मॅकसाहेब कपाळ पुढे करायचा. नाडी लागून लागून त्याच्या कपाळावर आडवी रेघ उमटली होती. तो एकदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा सासूबाई दाराआडून बघून म्हणाल्या, “ह्यो साहेब शंकराचा भक्त दिसतोय.” आणि त्यांनी त्याला केळफुलाची भाजी दुसऱ्यांदा वाढली.

आख्ख्या उमेदीत त्याने एकही गोल केला नाही. विचारलं तर म्हणायचा, गोल करणाऱ्याला सगळे खांद्यावर घेतात. जो गोल झालाच नाही तो कोणाला दिसतो? डिफेंडर हा न झालेल्या गोष्टींचा धनी. मग एका शनिवारी त्याचा गुडघा वळला तो सरळ झालाच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या शनिवारी त्याच्या जागेवर दुसरा उभा होता. मग जहाजदुरुस्तीचं काम शिकणं, मग बोटीवरची नोकरी, आणि असं करत करत तो लंगडत आमच्या ह्यांच्या वर्कशॉपमध्ये येऊन पोचला. साहेब म्हणून आला, पण जेवणाच्या सुट्टीत उस्ताद झाला.

क्रेनच्या आकड्याला दोर, दोराच्या टोकाला जाळीत घातलेला चेंडू, आणि खाली फिटरांची रांग. एकेकाने धावत यायचं, उडी मारायची, कपाळाने चेंडू हाणायचा. “कपाळाने! डोळे उघडे!” मॅकसाहेब ओरडायचा. आमचे हे सगळ्यांत पुढे, आणि उडी झाली की धावत जाऊन परत रांगेच्या शेवटी. डबा तसाच घरी यायचा आणि कपाळ लाल व्हायचं. मी नवी नवरी. मला वाटायचं, गोदीत एखादं जागृत देवस्थान असेल आणि हे फार भाविक असतील. रात्री कौतुकाने खोबरेल चोळायची. ती बावळट मुलगी आज कुठे भेटली ना, तर तिच्या हातातली तेलाची वाटी काढून कोयता देईन. बये, तेल राहू दे. जा आणि तो दोर काप.

गोलच्या तोंडाशी चेंडू आला की विचार करायचा नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. “अवे” ओरडायचं आणि लांब हाणायचा, हा मॅकसाहेबाचा मोठा मंत्र. इंग्रजीत त्याचा अर्थ दूर, लांब. त्याच्या तोंडी तो शब्द आमच्या खाडीवरच्या हाळीसारखा लांबायचा, “अवेऽऽ”. गोदीतून तो आगाशीत आला आणि आमच्या पोरांनी तो आपलाच असल्यासारखा उचलला.

आता त्या बावळट मुलीचा मोठा पराक्रम.

मी घाटावरची. आमच्याकडे आई वडलांना ‘अवं’ म्हणायची. “अवं, ऐकलं का.” इथे आले तर सगळी बोली निराळी. सासूबाई “पानी आन” म्हणाल्या तर कळायचं, पण त्या आणि त्यांच्या जावा एकदा बोलायला लागल्या की मी आपली देवळातल्या नंदीसारखी मान हलवायची. माहेरचं नाव लग्नात बदललेलं, नवं नाव कोणाच्या तोंडी बसलेलं नाही. आणि हे? हे मला हाकच मारायचे नाहीत. काही हवं असलं तर खाकरायचे. एकदा खाकरले तर चहा, दोनदा तर टॉवेल. सर्दी झाली त्या आठवड्यात माझी कोण धावपळ! आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती येऊन गेले, पण त्या घरात मला नाव नव्हतं. विहिरीवर एकटी असले की मी स्वतःलाच माहेरच्या नावाने हाक मारून बघायची, आत वाकून, म्हणजे निदान परत तरी ऐकू यावी.

अशात गणपतीनंतरची टूर्नामेंट आली. फायनल आगाशी आणि नंदाखाल. मैदान कसलं, घोट्याएवढ्या चिखलाचं शेतच. दोन्ही गावं बांधावर छत्र्या घेऊन उभी. रेफरी खुद्द मॅकसाहेब, गुडघ्यापर्यंतची काळी चड्डी आणि लंगडत धावणं. सासूबाईंनी माझ्याकडे पितळी तांब्या दिला होता, लिंबाच्या सरबताचा, खेळ संपल्यावर ह्यांना द्यायला. मी तो मांडीत घट्ट धरून बसले होते आणि खेळातलं मला एवढंच कळत होतं, की चिखलाचे बरेच पुतळे धावतायत आणि त्यातला एक माझा आहे.

खेळ संपत आला, दोन्हीकडे शून्य. चेंडू सरकत आमच्या बांधाकडे आला. हे त्याच्यामागे धावत आले. तोंड माझ्याकडे, हात वर, आणि सगळ्या गावासमोर, सगळ्या नंदाखालसमोर, छातीतून ओरडले, “अवेऽऽ!”

मी म्हटलं, हाक मारली.

घाटावर बायको नवऱ्याला ‘अवं’ म्हणते, तर खाडीकडे नवरा बायकोला ‘अवे’ म्हणत असेल. ह्यात न पटण्यासारखं काय आहे? आजही मला तो तर्क बिनतोड वाटतो. एवढे महिने न मारलेली हाक त्यांनी अशी दोन गावांना साक्षी ठेवून मारली, म्हणून माझे डोळे भरून आले. आणि ही बया उठली. एका हाताने लुगडं वर धरलेलं, दुसऱ्या हातात तांब्या. चुलतसासू ओरडली, “अगो, कुटं चालली?” मी म्हटलं, “हे बोलावतायत!” आणि घुसले मैदानात.

ह्यांनी चेंडूकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं. आख्ख्या डिफेंडरकीत एकदाच. तेवढ्यात नंदाखालचा एक शिडशिडीत मुलगा त्यांच्या बगलेतून निघून गेला. गोल.

मग जी शांतता झाली ती मी नंतर फक्त मयताच्या घरी ऐकली आहे. मॅकसाहेब लंगडत आला, माझ्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, आणि त्याच्या मोडक्या हिंदुस्थानीत गरजला, “ये औरत किसका है?”

हे उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, नुसते डोळे दिसत होते. मला वाटलं, आता म्हणतील, ठाऊक नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “माइन, सर.”

मॅकसाहेब इतका हसला की शिट्टी तोंडातून चिखलात पडली. पण गोल काही त्याने रद्द केला नाही. बाई चेंडूला लागलेली नाही, म्हणाला. डिफेंडरने चेंडूकडे बघायचं असतं. आणि सरबतही तोच प्यायला.

घरी जाताना हे पुढे, मी मागे. ओढ्याच्या मोरीपाशी ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “अवे म्हंजे दूर. लांब हान. तुला नाय बोलावलं.”

मला मोरीतल्या पाण्यात वाहून जावंसं वाटलं. पण तोंड कुठे गप्प बसतंय? विचारलं, “मग मला बोलवायचं असेल तेव्हा काय म्हणाल?”

ते नुसते खाकरले. एकदा की दोनदा, आता आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून आवाज आला, “अवे! टावेल.”

ते माझं बारसं. गावाने अवेवहिनी केलं, पुढे अवेकाकू, आता बिल्डिंगमध्ये अवेआजी. नवे भाडेकरू समजतात की आमचं आडनावच आहे. ही बिल्डिंग आमच्याच वाडीच्या जागेवर उभी आहे. विहीर होती तिथे आता पाण्याचे टँकर वळतात. पण सगळा जन्म ह्यांनी मला त्याच एका शब्दाने बोलावलं, जो त्यांनी मैदानात चेंडू हाकलायला वापरला. घरात ‘ये’ आणि मैदानात ‘जा’. दोन अर्थांची कधी टक्कर झाली नाही, कारण घर कुठे संपतं आणि मैदान कुठे सुरू होतं हे त्यांना ठाऊक होतं. आता ती वेसच पुसली गेलीय.

माझ्या हाताला प्लास्टर पडलं त्या आठवड्यात जुई शेजारी बसून फोनवर मॅकसाहेबाला शोधत होती. हे जसं नाव उच्चारायचे तसं मी सांगितलं, तिने चार तऱ्हांनी लिहून बघितलं, आणि सापडला की! त्याच्या जुन्या क्लबने जुन्या खेळाडूंची माहिती घातली होती. तरुणपणीचा फोटो, चापून बसवलेले केस, कपाळावर ती रेघ. जुई वाचत होती आणि मराठीत सांगत होती. खाण, क्लब, गुडघा, मग ‘पूर्वेकडे काही वर्षं नोकरी’. बघा म्हणजे! आमची आख्खी गोदी, ती क्रेन, सासूबाईंची केळफुलाची भाजी, मैदानात घुसलेली मी, सगळं मिळून त्यांच्याकडे एक शब्द: पूर्वेकडे.

मग ती अडखळली.

“वाच.”

“आजी, राहू दे.”

“वाच म्हणते ना.”

शेवटची वर्षं त्याची आठवण गेली होती. बायकोला तो नर्स समजायचा. ती सांगायची, की त्या जड चेंडूंनी त्याचं डोकं खाल्लं. दर शनिवारी ती त्याला जुन्या मैदानावर नेऊन बसवायची, कारण तिथे तो शांत असायचा.

मी दाराकडे बघितलं. हे तिथे उभे होते, गुडघे वाकवून. मॅकसाहेबाने त्यांना जे जे दिलं, त्यात हेही होतं तर. रागावू तरी कोणावर? तो स्वतःच आधी त्या रांगेतून गेला होता. विरारच्या डॉक्टरांना विचारलं, चेंडूंनी असं होतं का हो? ते म्हणाले, “होऊ शकतं आजी. पण आता कळून उपयोग काय?” उपयोग नाही. मला फक्त त्या तेलाच्या वाटीचं वाईट वाटतंय.

त्या मॅकच्या बायकोशी मी हल्ली बोलते. ती गेली असणार केव्हाच, पण मी तिला सोडत नाही. पातेलं घासता घासता विचारते, काय गं, तुला तो काय हाक मारायचा? आणि शेवटी शेवटी मारायचा का? नर्सला तरी नावाने बोलवायचा की नुसतं खाकरायचा? तू त्याला पाठवलंस का कुठे? शनिवारी मैदानावर न्यायची, एवढं एकच तिने सांगून ठेवलंय.

म्हणून शनिवारी मी ह्यांना मैदानावर नेलं.

रविवारी न्यायची बॅग भरून झाली होती. ती भरताना मी बनियन आत ठेवले, बाहेर काढले, परत ठेवले. ज्या माणसाला बनियन कुठून घालतात ते आठवत नाही, त्याचे सहा ठेवायचे की आठ, ह्यावर माझा घोळ चालला होता. सतीश संध्याकाळीच ठाण्याहून आला. त्याने अडवलं नाही. त्याला वाटलं असेल, निरोपाचा फेरफटका आहे. मलाही तसंच वाटत होतं.

जुनं मैदान बिल्डिंगांखाली गेलंय. एका कोपऱ्यात टर्फ आहे, प्लास्टिकच्या हिरव्यागार गवताचं, चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी, मोठं खुराडंच. चिखल नाही, वास नाही; रबर तेवढं तापतं. अर्ध्या भागात काही मुलं खेळत होती, अर्धा भाग जुईने मिळवला. ह्यांना गोलसमोर उभं केलं. जुईने हलकेच चेंडू सोडला. तो सरकत त्यांच्या पायाशी आला.

ह्यांनी पाय बाजूला घेतला. अदबीने, दुसऱ्याचं मूल पायात आलं की घेतो तसा. चेंडू गोलमध्ये गेला.

जुईने पुन्हा सोडला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, “तुमचं काय हरवलंय का?”

मी गेले होते ते मी सोसलं होतं. पण डिफेंडर आहे, ह्या भरवशावर तग धरून होते. तोही गेला असेल तर रोज सकाळी माझ्या दारात उभा राहतो तो कोण? जाळीबाहेर सतीश खाली मान घालून उभा होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मनात म्हटलं, ने बाबा. उद्या कशाला, आत्ता ने.

आणि पलीकडच्या मुलांचा चेंडू उडाला. उंच, जाळीच्या छताला लागून आला तो सरळ ह्यांच्यावर. ह्यांनी वर बघितलं. पाठ ताठ झाली. दोन पावलं मागे, एक पुढे, हनुवटी आत, कपाळ पुढे, डोळे उघडे. अगदी तसंच! मला क्षणभर इतका आनंद झाला, आणि त्याच क्षणी तो आकडा दिसला, तो दोर दिसला, कपाळावरची रेघ दिसली. म्हटलं, अजून एक? त्या डोक्यात आता राहिलंय काय, त्यावर अजून एक?

“अवेऽऽ!” मी ओरडले.

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी बरोबर अर्थाने वापरला.

आणि ह्यांनी चेंडूकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं. चेंडू त्यांच्या खांद्यावरून गेला आणि टप्पे घेत गोलमध्ये शिरला. मुलं ओरडली, “गोऽल!”

आवाज झाला की कावळासुद्धा मान वळवतो, हे मला कळतं. मी काही ती बावळट मुलगी राहिलेली नाही. पण पाय तिचेच होते. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि मी चपलांसकट निघाले त्या हिरव्या प्लास्टिकवरून. टर्फ सांभाळणारा माणूस फाटकातून आत आला, “ओ आजी, चप्पल! चप्पल निकालो! और ये अंकल किसके हैं? ऐसे बीच में खडे हैं, लगेगा किसी को!”

सतीशने तोंड उघडलं होतं.

“माइन, सर,” मी म्हटलं.

हे बाटलीतलं पाणी प्यायले. तोंड पुसलं. परक्या बाईशी बोलावं तसं जरा अंतर ठेवून म्हणाले, “तुमी आगाशीच्या का?”

“हो.”

“मंग दामूला ओळखत असाल. डिफेंडर.”

“ओळखते ना. चांगला होता.”

“चांगला व्हता. एकदाच चुकला.” ते माझ्याकडे वाकले, गुपित सांगावं तसे. “त्याची बायको आली मदी.”

“अगो बाई! मैदानात? मग हो?”

“मंग काय,” ते म्हणाले. “ऱ्हायली.”

सतीशने तोंड फिरवलं आणि गाडीची किल्ली उगाच खिशात चाचपत राहिला. घरी आल्यावर त्याने बॅग कपाटावर टाकली, रिकामी न करता. “दिवाळीपर्यंत बघू,” म्हणाला. रोज सकाळी एक बाई येईल, त्यांना दारातून हलवायला. तू त्यांच्या अंगावर जायचं नाहीस. मी मान हलवली, देवळातल्या नंदीसारखी. एक्स्ट्रा टाइम मिळालाय, एवढंच. त्यात काय होतं ते मला ठाऊक आहे. पाय दमलेले असतात आणि चुका जास्त होतात. ते बरे होणार नाहीत. पुढचा खांदा कदाचित मला उठूही देणार नाही. तरी बॅग वर आहे आणि हे खाली आहेत.

हे लिहितेय तेव्हा बाहेर ऊन-पाऊस चाललाय आणि गॅलरीतून तो वास येतोय. चहाची वेळ झाली. ती बाई आज आलेली नाही. हे दारात उभे आहेत, हात सुटे, नजर माझ्या कमरेवर. आत दूध उतू जायच्या बेतात आहे.

“अवेऽ!”

आले हो.